मुलांच्या मानसिक आरोग्य संस्थेचा कारभार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोद्यातील दांडिया बाजारात, एका जुन्या घराच्या तळमजल्यावर, आमची धर्मादाय संस्था मुलांसाठी मानसिक उपचार आणि समुपदेशनाचे केंद्र चालविते आणि तिचे चिटणीसपद माझ्याकडे आहे. येथील मराठी मंडळींकडून, विशेषतः नव्याने विश्वस्त झालेल्यांकडून, जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते येथे एकत्र केले आहेत. उत्तरे गुजरातमध्ये लागू असलेल्या कायद्याला धरून आहेत; इतर राज्यांतील वाचकांनी न्यास आणि सोसायटीविषयीचे तपशील आपल्या राज्याच्या कायद्याशी ताडून पाहावेत.

१. संस्था नव्याने सुरू करायची आहे. ट्रस्ट करावा, सोसायटी करावी की कंपनी?

तिन्ही मार्ग खुले आहेत. फरक पडतो तो कारभाऱ्यांना जाब कोण विचारणार यात. ट्रस्टमध्ये विश्वस्तच सर्वेसर्वा असतात आणि धर्मादाय आयुक्तांखेरीज त्यांच्यावर कोणाची नजर नसते. सोसायटीला १८६० च्या संस्था नोंदणी कायद्यानुसार किमान ७ जण लागतात, तिला सभासद असतात, आणि सर्वसाधारण सभेत एखादे निवृत्त शिक्षक हिशेबातली एकच ओळ धरून कार्यकारिणीला अर्धा तास प्रश्न विचारू शकतात. कंपनी कायदा २०१३ च्या कलम ८ खालील ना-नफा कंपनी अहमदाबादच्या कंपनी निबंधकांच्या अखत्यारीत येते. तेथे शिस्त कडक असते आणि दरवर्षीच्या कागदपत्रांचा खर्चही अधिक. माझे मत सोसायटीच्या बाजूचे आहे, कारण ज्याच्यावर उपचार होतात ते मूल स्वतः तक्रार घेऊन कोठे जाऊ शकत नाही; त्याच्या वतीने प्रश्न विचारणारी माणसे संस्थेच्या रचनेतच असली पाहिजेत.

२. आमच्या लेटरहेडवर दोन नोंदणी क्रमांक आहेत, एक ‘गुज’ने सुरू होणारा आणि एक ‘एफ’ने. मग आम्ही ट्रस्ट की सोसायटी?

दोन्ही. बडोदे संस्थान १९४९ मध्ये मुंबई राज्यात विलीन झाले, त्यामुळे १९५० चा मुंबई सार्वजनिक न्यास कायदा येथे लागू झाला, आणि १९६० नंतर तो गुजरातकडे आला. आज तो गुजरात सार्वजनिक न्यास कायदा म्हणून ओळखला जातो. या कायद्याच्या व्याख्येत धर्मादाय कामासाठी नोंदलेली सोसायटी हीसुद्धा सार्वजनिक न्यासच ठरते. ‘गुज’ हा सोसायटीचा क्रमांक आणि ‘एफ’ हा न्यासाच्या नोंदवहीतला, म्हणून दोन्ही कायद्यांची बंधने आपणांवर आहेत.

३. विश्वस्त मंडळात कोण असावेत? अध्यक्ष डॉक्टरच असायला हवेत का?

कायद्यात तशी अट नाही, आणि केंद्रात प्रत्यक्ष उपचार करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञांना तरी अध्यक्ष करू नये असे मी आग्रहाने सांगतो. उपचारांविषयीची तक्रार शेवटी अध्यक्षांकडे जाते. ती त्यांच्याच उपचारांविषयी असेल तर न्याय मागायला जागा उरत नाही. शिवाय डॉक्टर अध्यक्ष असले की बाकीचे विश्वस्त ‘त्यातले त्यांनाच कळते’ म्हणून गप्प बसतात. सात ते नऊ जणांचे मंडळ पुरे होते. त्यात हिशेब वाचता येणारे एक, वकिली केलेले एक, शाळेत मुलांबरोबर वर्षे घालविलेले एक आणि समाजकार्याचे रीतसर शिक्षण घेतलेले एक असावेत. महाराजा सयाजीराव विद्यापीठात समाजकार्याची विद्याशाखा असल्यामुळे अशी माणसे आपल्या शहरात शोधावी लागत नाहीत. एक पालकही अवश्य घ्यावेत, मात्र ज्यांच्या मुलाचे उपचार पूर्ण झाले आहेत असे.

४. अध्यक्ष, चिटणीस आणि केंद्राचे संचालक यांची कामे कोठे वेगळी होतात?

संस्था कोणासाठी आहे, पैसा कशावर खर्च होईल आणि कोणती गोष्ट कधीही केली जाणार नाही, हे मंडळ ठरविते. कोणत्या मुलाला कोणता समुपदेशक द्यायचा, किती सत्रे घ्यायची, औषधासाठी मानसोपचारतज्ज्ञांकडे केव्हा पाठवायचे, हे संचालक आणि तज्ज्ञ ठरवितात. चिटणीस या दोहोंमधला निरोप्या आणि इतिवृत्ताचा राखणदार असतो. आमच्याकडे एका विश्वस्तांनी ओळखीतल्या कुटुंबाला प्रतीक्षा यादीत वर घ्यावे म्हणून संचालकांना थेट फोन केला होता. हेतू चांगला होता, पण यादीत त्या दिवशी अकरा मुले पुढे होती. तेव्हापासून विश्वस्तांनी कर्मचाऱ्यांना कोणत्याही एका मुलाविषयी फोन करायचा नाही असा लेखी ठराव आहे, आणि नवीन विश्वस्त पहिल्या सभेत त्यावर सही करतात.

५. मी विश्वस्त आहे आणि कायदेशीर जबाबदारी माझ्यावर आहे. मग मुलाची फाइल मला का दाखवत नाहीत?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो, आणि विचारणाऱ्याच्या मनात बहुधा काळजीच असते, म्हणून सविस्तर लिहितो.

मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम २३ नुसार मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला आपल्या आजाराची आणि उपचारांची माहिती गुप्त राहण्याचा हक्क आहे, आणि ही गुप्तता राखण्याचे बंधन उपचार करणाऱ्या व्यावसायिकांवर आहे. अपवादही तेथेच दिले आहेत : नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे अल्पवयीन मुलाच्या बाबतीत सामान्यतः त्याचे कायदेशीर पालक, उपचारात सहभागी असलेले अन्य तज्ज्ञ, कोणाला इजा होण्याचा किंवा कोणाच्या जिवाला धोका, न्यायालय किंवा मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळ यांसारख्या प्राधिकरणांचा आदेश, आणि सार्वजनिक सुरक्षितता. या यादीत संस्थेचे विश्वस्त नाहीत. समुपदेशनाला येणाऱ्या प्रत्येक मुलाला मानसिक आजार असतोच असे नाही, पण म्हणून त्याची फाइल सैलपणे हाताळावी असे कोणी म्हणणार नाही.

आपल्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. बडोद्यातील मराठी समाज मोठा असला तरी एकमेकांच्या ओळखीचा आहे. याच ओळखीतून देणगी मिळते, हॉल मिळतो, आणि रविवारी विनामूल्य येणारे डॉक्टरही मिळतात. पण हीच ओळख उपचाराच्या खोलीत शिरली की मूल बोलायचे थांबते. आमच्या हातून घडलेली चूक सांगतो. पूर्वी मासिक अहवालात ‘मुलगी, वय ९, चौथी, वडील नुकतेच वारले’ अशा नोंदी असत. नाव नसे, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. एका सभेत ती ओळ वाचून होताच एक विश्वस्त कळवळून म्हणाले, “अरेरे, ही आमच्या समोरच्या घरातली.” त्यांनी बाहेर कोणाला काहीही सांगितले नाही. पण पुढच्या आठवड्यात जिन्यात ती मुलगी भेटली तेव्हा त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवून “आता बरे वाटते ना?” असे विचारले, आणि त्यानंतर ती केंद्रात आली नाही. तिच्या आईने आम्हांला दोष दिला नाही, पण दोष आमचाच होता.

६. फाइल पाहायची नाही, तर केंद्राचे काम ठीक चालले आहे हे मंडळाला कळणार कसे?

आकड्यांवरून, प्रत्यक्ष भेटींवरून आणि बाहेरच्या नजरेवरून. दर तिमाहीला मंडळाने विचारावे की प्रतीक्षा यादी किती लांब आहे, पहिल्या भेटीनंतर किती मुले परत आली नाहीत, किती तक्रारी आल्या आणि त्यांचे काय झाले, किती समुपदेशक नोकरी सोडून गेले, आणि प्रत्येक समुपदेशकाला ज्येष्ठ तज्ज्ञांशी आपल्या कामाविषयी बोलायला महिन्यात किती तास मिळाले. यांतला शेवटचा आकडा मला सर्वांत बोलका वाटतो. तो घसरला की काही महिन्यांत बाकीचे आकडे बिघडतात. वर्षातून एकदा संस्थेशी संबंध नसलेल्या तज्ज्ञांकडून, ओळख पुसलेल्या काही नोंदींची तपासणी करून घ्यावी. एखाद्या भागातली किंवा शाळेतली मुले पाचांपेक्षा कमी असतील तर तो आकडा वेगळा दाखवू नये. कारण प्रश्न ५ मध्ये आले आहे. भेटीला गेल्यावर मात्र डोळे उघडे ठेवावेत : येण्याजाण्याची वही टेबलावर उघडी पडली आहे का, फाइलींच्या कपाटाची किल्ली कपाटालाच लटकत आहे का, बाहेरच्या बाकावर बसलेल्या आजींना आतले बोलणे ऐकू येते का. आमच्या केंद्रात ते ऐकू येत असे. दाराला जाड पडदा लावला आणि प्रतीक्षेचा बाक जिन्याखाली हलविला.

७. आमचे केंद्र फक्त दिवसा चालते. मानसिक आरोग्यसेवा कायद्याखाली नोंदणी लागते का?

ज्या ठिकाणी रुग्णांना दाखल करून घेतले जाते किंवा ठेवले जाते त्या आस्थापनांना ही नोंदणी सक्तीची आहे. मुलाने यावे, सत्र घ्यावे आणि घरी जावे, एवढेच असेल तर आपण त्या व्याख्येत बसत नाही. पण ‘परीक्षेच्या काळात दोन-तीन मुलांना रात्री राहू देऊ’ असे कोणी सुचविले, तर त्याच दिवशी वकिलांशी बोलावे. बिगरनोंदणी आस्थापना चालविल्यास पहिल्या वेळी ५,००० ते ५०,००० रुपये दंड आहे. दंडापेक्षाही कलम ८७ च्या अटी महत्त्वाच्या आहेत : अल्पवयीन मुलाला अपवादात्मक परिस्थितीतच दाखल करायचे, दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासायचे, त्याला प्रौढांपासून वेगळे ठेवायचे, पालक किंवा त्यांनी नेमलेली व्यक्ती सतत सोबत राहायची आणि ७२ तासांत पुनरावलोकन मंडळाला कळवायचे. हे सर्व छोट्या केंद्राच्या आवाक्यातले नाही. अशा मुलासाठी कारेलीबागेतील सरकारी मानसिक आरोग्य रुग्णालयाशी किंवा अन्य सुसज्ज रुग्णालयाशी आधीच बोलणे करून ठेवावे.

८. समुपदेशक नेमताना मंडळाने काय तपासायचे?

निवड संचालकांनी करावी, पण तपासणीचे नियम मंडळाने घालून द्यावेत. ‘चिकित्सा मानसशास्त्रज्ञ’ म्हणून काम करणाऱ्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडील नोंदणी पाहावी आणि तिची मुदतही पाहावी. पूर्वीच्या दोन ठिकाणी स्वतः फोन करावा, पत्रावर विसंबू नये. पोलीस पडताळणी सर्वांची करावी. रिक्षाने मुलांना ने-आण करणारे काका आणि झाडलोट करणाऱ्या मावशी यांचीही. कर्मचारी दहा किंवा अधिक झाले की लैंगिक छळ प्रतिबंधक कायदा २०१३ नुसार अंतर्गत समिती नेमावी लागते, हेही येथेच सांगून ठेवतो.

९. सत्रात मुलाने लैंगिक अत्याचाराविषयी सांगितले. पोलिसांना कळवायचे की नाही हे मंडळाने ठरवायचे का?

नाही. येथे ठरविण्यासारखे काही नाही आणि मंडळाची परवानगी मागण्याचे कारणही नाही. पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा, २०१२ च्या कलम १९ नुसार असा गुन्हा घडल्याचे किंवा घडण्याची शक्यता असल्याचे ज्याला कळते त्या प्रत्येक व्यक्तीने विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवायचे आहे. न कळविल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. आणि हाताखालच्या व्यक्तीने केलेला गुन्हा संस्थेच्या प्रमुखाने दडपला तर कैद एक वर्षापर्यंत जाऊ शकते. प्रामाणिकपणे माहिती देणाऱ्यावर त्याबद्दल कारवाई होत नाही, असे संरक्षणही त्याच कलमात आहे.

मंडळाचे काम त्या दिवसाच्या कितीतरी आधीचे आहे. कोणी कळवायचे, संचालक रजेवर असल्यास कोणी, मुलाजवळ त्या वेळी कोण बसेल, आईवडिलांना कोण सांगेल, आणि आरोप घरातल्याच माणसावर असेल तर आधी कोणाला सांगायचे, हे सारे लिहून ठेवलेले असले पाहिजे. चाइल्डलाइनचा १०९८ क्रमांक आमच्या प्रत्येक खोलीत दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेला आहे. घरच्यांनी ‘आपल्यात बदनामी होईल, मुलीचे पुढे लग्न व्हायचे आहे’ म्हणून हात जोडले तरी कायदा बदलत नाही. त्यांना हे पहिल्याच भेटीत, संमतीपत्र भरताना, मराठीत आणि गुजरातीत स्पष्ट सांगितले पाहिजे. मुलालाही त्याला कळेल अशा शब्दांत सांगावे की तू सांगशील ते आम्ही कोणाला सांगणार नाही, पण तुला कोणी इजा करत असेल तर ते थांबविण्यासाठी सांगावे लागेल.

१०. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीने स्वतःच्या मर्जीचे संबंध असल्याचे सांगितले तर?

हा प्रश्न समुपदेशकांची झोप उडवितो. पॉक्सो कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येक जण बालक आहे आणि तिच्या संमतीमुळे कळविण्याच्या बंधनाला अपवाद होत नाही. मुलीचा विश्वास गमावण्याचे दुःख खरे आहे, पण समुपदेशकाला त्याच्या एकट्याच्या विवेकावर सोडून देणे हा त्याच्यावर अन्याय आहे. संस्थेने बालहक्कांच्या कायद्याची माहिती असलेल्या वकिलांचा सल्ला त्याच दिवशी मिळेल अशी व्यवस्था करून ठेवावी आणि काय केले व का केले याची नोंद ठेवावी.

११. तक्रार आमच्याच विश्वस्ताविरुद्ध आली तर?

प्रश्न ९ मधील सर्व काही जसेच्या तसे लागू होते. त्याखेरीज त्या विश्वस्तांना केंद्राच्या आवारात येणे त्याच दिवसापासून बंद करावे आणि त्यांनी त्या विषयावरील कोणत्याही सभेस बसू नये. अंतर्गत चौकशी पोलिसांच्या आधी करू नये. ‘आधी आपण खातरजमा करू’ या चार शब्दांनी पुरावा नष्ट होतो आणि मुलाला तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागते.

१२. विश्वस्तांच्या सूनबाई उत्तम समुपदेशक आहेत. त्यांना मानधनावर घेता येईल का?

घेता येईल, पण वाजवी मानधनावर. विश्वस्तांना किंवा त्यांच्या नातेवाइकांना कामाच्या मानाने जास्त लाभ दिल्यास संस्थेची आयकरातील सवलत धोक्यात येते. जागेची जाहिरात द्यावी, निवड समितीत सासरे नसावेत, आपले नाते त्यांनी लेखी जाहीर करावे, आणि ठरावाच्या वेळी ते खोलीबाहेर गेल्याची वेळ इतिवृत्तात लिहावी. कामावर देखरेख कोण करणार आणि त्यांच्याविषयी तक्रार आल्यास ती कोण ऐकणार हेही आधीच ठरवावे.

१३. आणि विश्वस्तांच्या नातवालाच उपचारांची गरज असेल तर?

त्याला मदत मिळालीच पाहिजे. शक्यतो दुसऱ्या केंद्रात. परीक्षा फक्त एकच : आजोबांविषयी राग असेल तर तो राग या मुलाला येथे मोकळेपणाने बोलता येईल का?

१४. देणगी देणारी कंपनी मुलांचे फोटो आणि त्यांच्या कहाण्या मागते. द्यायच्या का?

नाही, आणि हे मंडळाने कंपनीला करार करतानाच सांगावे. मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम २४ नुसार आस्थापनेत उपचार घेणाऱ्याचे छायाचित्र वा माहिती त्याच्या संमतीखेरीज माध्यमांना देता येत नाही; डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये १८ वर्षांखालील मुलासाठी पालकांची पडताळता येणारी संमती सांगितली आहे. पण आपल्याकडे मोफत उपचार घेणारी आई फोटोला ‘नाही’ म्हणू शकत नाही. तिने सही केली तरी ती संमती नव्हे. कंपनीला रिकाम्या खोलीचा फोटो द्यावा, मुलांनी रंगविलेल्या भिंतीचा द्यावा, प्रश्न ६ मधील आकडे द्यावेत. कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीसाठी संस्थेने सीएसआर-१ अर्ज भरून नोंदणी केलेली असावी लागते आणि साधारणतः तीन वर्षांच्या कामाचा पुरावा लागतो. त्यात मुलाचा चेहरा कोठेही मागितलेला नाही.

१५. अमेरिकेतले जुने बडोदेकर पैसे पाठवू म्हणतात. लगेच घेता येतील का?

पाठविणाऱ्याचा पासपोर्ट कोणता आहे ते आधी विचारावे. भारतीय नागरिकत्व कायम असलेल्या अनिवासी व्यक्तीने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली रक्कम विदेशी अंशदान, म्हणजे परदेशी स्रोताकडून आलेली देणगी, ठरत नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांची रक्कम, ते कितीही आपले असले तरी, विदेशी अंशदान ठरते. त्यासाठी २०१० च्या विदेशी अंशदान नियमन कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच यावे लागतात, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो. मावशीने गणपतीला आल्यावर हातात ठेवलेले डॉलर या नियमातून सुटत नाहीत.

१६. एक विश्वस्त वारले, एकांनी राजीनामा दिला. काय करावे लागते?

बदल झाल्यापासून ९० दिवसांत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात फेरफार अर्ज, ज्याला सगळे चेंज रिपोर्टच म्हणतात, दाखल करावा. सभेची सूचना, हजेरी, ठराव आणि नव्या विश्वस्ताची संमती जोडावी. हे वर्षानुवर्षे राहून गेलेल्या संस्था मी पाहिल्या आहेत. बँकेत सही करणारे हयात नाहीत आणि नवे मंडळ कागदावर नाही, अशा अवस्थेत समुपदेशकांचे पगार अडकतात आणि मुलांची सत्रे बंद पडतात.

१७. संस्थापक अध्यक्ष वीस वर्षे आहेत. सर्वांना त्यांच्याविषयी आदर आहे. बदल कसा सुचवावा?

व्यक्तीविषयी न बोलता नियम आणावा : तीन वर्षांची मुदत, सलग दोनदा, मग किमान एक वर्ष विश्रांती. नियम पुढील निवडणुकीपासून लागू करावा, म्हणजे तो कोणावर रोखलेला दिसत नाही. त्यांच्या ओळखीने चालणारी कामे, म्हणजे कोणत्या देणगीदाराला दिवाळीपूर्वी पत्र जाते, कोणत्या शाळेच्या मुख्याध्यापिकांशी कसे बोलावे, ही त्यांच्याकडून लिहून घ्यावीत. अध्यक्षांनी स्वतः नवीन माणसाला शेजारी बसवून सहा महिने सभा चालवू दिल्या, तर त्यापेक्षा चांगले काही नाही.

१८. दानात मिळालेले घर विकून मोठी जागा घ्यायची आहे. ठराव पुरेसा आहे का?

नाही. न्यासाची स्थावर मालमत्ता विकणे, गहाण टाकणे, बदलून घेणे किंवा इमारत तीन वर्षांहून जास्त काळ भाड्याने देणे यासाठी गुजरात सार्वजनिक न्यास कायद्याच्या कलम ३६ नुसार धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी लागते. ती येण्याआधी बयाणाही घेऊ नये.

१९. इतिवृत्त मराठीत लिहिले तर चालते का?

सभेत मराठीच बोलले जात असेल तर मराठीतच लिहावे, म्हणजे बोललेले आणि लिहिलेले यांत अंतर पडत नाही. कार्यालयात दाखल करायच्या ठरावांचा गुजराती अनुवाद सोबत जोडावा आणि त्यावरही सह्या घ्याव्यात.

२०. संस्था बंद करावी लागली तर मुलांचे आणि त्यांच्या फाइलींचे काय?

कागदोपत्री भाग असा : सोसायटी विसर्जित करण्यास तीन पंचमांश सभासदांचा ठराव लागतो, आणि देणी भागवून उरलेली मालमत्ता सभासदांत वाटता येत नाही, ती दुसऱ्या संस्थेकडे जाते. धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाला सुरुवातीपासून विश्वासात घ्यावे.

मुलांचा भाग त्याआधी सुरू होतो. बंद होण्याची तारीख ठरताच नवीन नोंदणी थांबवावी आणि चालू असलेल्या प्रत्येक मुलासाठी पुढचे केंद्र नावानिशी ठरवावे; नुसता पत्ता हातात देऊ नये, पहिल्या भेटीला जुना समुपदेशक बरोबर जावा. फाइल पालकांच्या लेखी संमतीने नव्या तज्ज्ञांकडे बंद पाकिटात द्यावी. उरलेल्या फाइली कोणत्या तज्ज्ञांच्या ताब्यात, कोठे आणि किती काळ राहतील याचा ठराव करून तो पालकांना कळवावा, कारण तेच मूल मोठे झाल्यावर आपली नोंद मागायला येऊ शकते. कोणत्याही कारणाने त्या फाइली एखाद्या विश्वस्ताच्या घरच्या माळ्यावर ठेवू नयेत.